वसमतकरांनो, विणकाम शिकवणाऱ्या मावशींना शाळेत बोलवा

वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. हळदीच्या संशोधनासाठी आणि प्रशिक्षणासाठी बाळासाहेब ठाकरे हरिद्रा केंद्रही आपल्याच गावाच्या वाट्याला आलं. आपल्या मातीत जे पिकतं त्याला नाव मिळालं, याचा मला मनापासून आनंद आहे. पण याच गावात, दुपारची भांडी आवरून शेजारच्या पोरींना दाराशी बसवणाऱ्या आणि सुलट-उलट टाके शिकवणाऱ्या बाया आहेत. त्यांचं नाव कुठल्याच कागदावर नाही. त्या आता साठी-सत्तरीला आल्या आहेत, आणि त्यांच्याकडे शिकायला येणाऱ्या पोरी जवळजवळ थांबल्या आहेत. हे वाचून तुम्ही काही करावं, म्हणूनच लिहिते आहे.

या बाया विणकामाकडे आल्या कशा? कुणी शाळेत कार्यानुभवाच्या तासाला टाके घालायला शिकली. शाळा सुटली, सुया सुटल्या नाहीत. कुणाचा नवरा बदलीच्या नोकरीत, कधी पूर्णा, कधी अकोला; प्रत्येक गावच्या शेजारणीकडून एकेक नमुना उचलत ती इथवर आली. कुणाचं कुंकू लवकर पुसलं गेलं आणि स्वेटरच्या मजुरीवर तिनं पोरांच्या फिया भरल्या. मला ज्यांनी शिकवलं त्या मावशींना बाळंतपणात अंथरूण सोडायची मनाई होती. वेळ जावा म्हणून जावेनं हातात सुया दिल्या, आणि पुढं त्यांच्या हाताखालून गल्लीतल्या कितीतरी पोरी गेल्या. शिकवण्याची फी म्हणून त्यांनी कधी पैसे मागितले नाहीत. मागायला हवे होते, असं मला आज वाटतं.

कारण न मागितलेल्या मोलाची नोंद होत नाही. आंध्रातल्या नरसापूरला बायका क्रोशाची लेस विणतात. मारिया मीस यांनी १९८२ साली त्यांच्यावर पुस्तक लिहिलं. ही लेस परदेशात विकली जात होती, व्यापारी त्यावर श्रीमंत होत होते. विणणाऱ्या बाईला मात्र ‘घरी बसून फावल्या वेळात करते’ एवढंच म्हटलं जाई. आपल्याकडं वेगळं काय आहे? पंतप्रधान विश्वकर्मा योजना २०२३ च्या १७ सप्टेंबरला, आपल्या मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनालाच, सुरू झाली. तिच्या अठरा व्यवसायांत शिंपी आहे, टोपल्या-चटया विणणारा आहे, मासे धरायचं जाळं विणणाराही आहे. स्वेटर विणणारी नाही. प्रशिक्षणाच्या काळात रोजचे पाचशे रुपये, अवजारांसाठी पंधरा हजार, हे सगळं तिच्या दारावरून पुढं निघून जातं.

‘आता मोबाइलवर सगळं शिकता येतं’ असं मला नेहमी ऐकवलं जातं. मग एक साधी गोष्ट सांगते. आपल्याकडं सुयांचा नंबर जितका मोठा, तितकी सुई बारीक. आपली दहा नंबरची सुई सव्वातीन मिलिमीटरची. अमेरिकेत उलटं: तिथली दहा नंबरची सुई सहा मिलिमीटर जाड. पोरगी परदेशी व्हिडिओ बघते, बाजारातून दहा नंबरच्या सुया आणते, सांगितले तेवढेच टाके घालते आणि स्वेटर होतो बाहुलीचा. तिला वाटतं, आपल्यालाच जमत नाही. सुया कायमच्या कपाटात जातात. शेजारी मावशी असत्या तर पहिल्या दोन ओळींतच त्यांनी हात धरला असता.

आणि हात धरणं हीच तर खरी विद्या. धागा बोटाभोवती किती ताणायचा, हे कुठल्याही पडद्याला सांगता येत नाही, कारण पडद्याला समोरचा हात दिसत नाही. चांगली शिकवणारी आधी छोटा चौकोन विणून घेते, एका इंचात किती टाके बसतात ते मोजते, हात घट्ट असेल तर सुई बदलून देते. डावखुरी पोरगी आली तर तिला शेजारी न बसवता समोर बसवते, म्हणजे आरशातल्यासारखं सगळं आपोआप उलटं दिसतं. दहा ओळी खाली निसटलेला टाका तिला लांबून कळतो. क्रोशाच्या सुईनं तो एकेक पायरी वर चढवून आणते, काही उसवावं लागत नाही. लिहून ठेवलेलं यातलं फार थोडं आहे. शिकवणारी गेली की तेही जाईल.

‘मराठवाड्यात लोकरीचं काय काम?’ हाही प्रश्न येतो. परभणीच्या कृषी विद्यापीठात डिसेंबर-जानेवारीत पारा पाच अंशांखाली गेल्याच्या नोंदी आहेत. ऊसतोडीचा हंगाम नेमका त्याच थंडीत असतो. पूर्णा कारखान्याच्या परिसरात कोप्यांमध्ये लहान लेकरं झोपतात. सरकारी दवाखान्यात कमी वजनाची बाळं जन्मतात, आणि त्यांच्या डोक्यावर टोपी, पायांत मोजे असणं हा औषधाइतकाच गरजेचा उपाय आहे. १९६२ च्या युद्धात गावोगावच्या बायकांनी जवानांसाठी स्वेटर विणले होते. तसेच आजचे हात या लेकरांसाठी टोप्या विणू शकतात, आणि नव्या हातांना विणायला शिकवू शकतात.

हातकामाला शाळेत जागा मागणं म्हणजे काही नवलाची मागणी नाही. रमाबाई रानड्यांच्या पुण्याच्या सेवासदनात १९०९ पासून अक्षरांच्या जोडीला शिवणकाम होतं. १९३७ साली वर्ध्यात नई तालीमची मांडणी झाली तेव्हा सूतकताईसारखं काम शिक्षणाच्या मध्यभागी होतं. आजच्या कायद्यातही वाट आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीच्या, शंभरावर पट असलेल्या शाळेत कार्यशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा असं लिहिलं आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात याच वर्गांसाठी दप्तराविना दहा दिवस सांगितले आहेत; त्या दिवसांत मुलांनी गावातल्या कारागिरांकडून काम शिकावं असं त्यात आहे. गावातले कारागीर म्हटलं की आपल्याला सुतार-कुंभार आठवतात. या मावशी का नाही आठवत?

म्हणून मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे: या दहांपैकी तीन दिवस विणकामाला द्या. मुलींना तर द्याच, मुलांनाही द्या. सुईला बाई-पुरुष कळत नाही. मावशींना मानधन द्या, सत्काराच्या नारळावर भागवू नका. बचत गटांनी आठवड्याच्या दोन दुपारी एक खोली आणि सतरंजी एवढी सोय करावी. ज्यांच्या घरात अशी आई, आजी, आत्या आहे त्यांनी तिचे नमुने एका वहीवर चिकटवून, टाक्यांचा हिशेब तिच्याच तोंडून विचारून लिहून ठेवावा. गट साधन केंद्रात अर्ज करा, ग्रामसभेत विषय काढा, आमदारांना भेटा आणि विश्वकर्माच्या यादीत विणकाम का नाही, हे विचारा.

सुरुवात सोपी आहे. तुमच्या गल्लीत विणायला शिकवणारी कोण आहे, ते येत्या रविवारी जाऊन विचारा. तिची परवानगी घ्या, तिचं नाव एका कागदावर लिहा आणि सोमवारी तो कागद जवळच्या शाळेत नेऊन द्या. यंदाची थंडी पडायच्या आत किमान दहा शाळांपर्यंत असे कागद पोचायला हवेत.