रामेनचा रस्सा आणि रोजेदार
टोकियोतल्या छोट्या रामेनच्या दुकानात जेमतेम आठ-दहा खुर्च्या. गरम रश्शातल्या नूडल्स भुरकायच्या नि उठायचे. मगरिबच्या वेळी तिथे शिरणाऱ्या रोजेदाराची अडचण वरच्या डुकराच्या कापांची नाही. ते काढता येतात. पण ‘तोनकोत्सु’ रस्साच डुकराची हाडे तासन्‌तास उकळून होतो. शिवाय अनेकदा मिरिन, म्हणजे तांदळाची गोड दारू, पडते ती वेगळीच. म्हणून ‘पोर्क नाही’ एवढी पाटी पुरेशी नाही. आसाकुसा भागात कोंबडीच्या रश्शाचे हलाल रामेन मिळते, हे चांगलेच. तरी प्रत्येक दुकानाने रस्सा बदलावा, ही अपेक्षा गैर. त्यात काय आहे ते खरे सांगावे, आणि रोजेदारानेही विचारायला लाजू नये. नकार मिळाला तरी खिशातल्या खजुरावर रोजा सुटतोच.