सहा सेलचा मोह

दोस्तांनो, नववीतल्या एका वाचकाने पत्रातून मोठा नेमका प्रश्न विचारलाय. त्याच्या मामाकडे रिमोटवर उडणारं फोमचं जेट विमान आहे. त्यात ७० मिलिमीटरचा पंखा आणि चार सेलची बॅटरी. मामाच्या मित्राकडे सहा सेलची बॅटरी नुसती पडून आहे, प्लगही तोच आहे. "ती लावली तर विमान दीडपट जोरात उडेल ना?" असं तो विचारतो.

उत्तर आधीच सांगून टाकते. बाळा, लावू नकोस! पण नुसतं "नको" म्हटल्याने कुणाचं समाधान होत नाही, हे मी वर्गात रोज पाहते. तेव्हा कागद-पेन्सिल घ्या, आपण हिशेबच मांडू.

आधी हे जेट असतं तरी काय? खऱ्या जेट विमानाच्या इंजिनात इंधन जळतं. या छोट्या विमानात जळत काहीच नाही. त्याच्या पोटात एक नळी असते, नळीत छोटासा पंखा आणि पंख्याला फिरवणारी विजेची मोटर. पंखा पुढून हवा ओढतो, मागे फेकतो, आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे विमान पुढे रेटलं जातं. इंग्रजी नावाची आद्याक्षरं घेऊन याला ईडीएफ म्हणतात. पंख्यामागे काही स्थिर पाती असतात. फिरत्या पंख्यातून हवा गिरक्या घेत बाहेर पडते, त्या गिरक्या ही पाती सरळ करतात.

आता तुम्ही म्हणाल, साधा मोठा पंखा नाकावर का नाही लावायचा? लावला तर वीज खूपच कमी लागेल, हे अगदी खरं. मोठा पंखा पुष्कळ हवा सावकाश ढकलतो. नळीतल्या पंख्याला थोडीशीच हवा मिळते, म्हणून ती प्रचंड वेगाने फेकावी लागते. या वेगालाच वीज लागते. पण नाकावर पंखा गरगरणारं विमान जेटसारखं दिसणार कसं? म्हणजे हा सगळा खटाटोप दिसण्यासाठी आणि त्या सुईं... आवाजासाठी आहे. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण इथे मोल ॲम्पिअरमध्ये मोजावं लागतं.

चला, हिशेबाकडे. लिपो बॅटरीचा एक सेल ३.७ व्होल्टचा धरतात. चार सेल म्हणजे १४.८ व्होल्ट, सहा सेल म्हणजे २२.२. मोटरवर 'केव्ही' असा आकडा लिहिलेला असतो. तो पाहून किलोव्होल्ट म्हणू नका हं! इथे केव्ही म्हणजे एका व्होल्टला मिनिटाला किती फेरे. समजा मोटर २८०० केव्हीची आहे. २८०० गुणिले १४.८ केलं की येतात ४१,४४० फेरे. पंख्याचा भार पडल्यावर ते कमी होतात, पण हा अंदाज बरा आहे. घरातला छताचा पंखा मिनिटाला तीन-साडेतीनशे फेरे घेतो, त्याच्याशी ताडून पाहा.

आपल्या या मोटरला पूर्ण जोरात ४५ ॲम्पिअर धारा लागते असं धरू. १४.८ गुणिले ४५, म्हणजे ६६६ वॅट. घरातल्या मिक्सरवर ५०० किंवा ७५० वॅट लिहिलेलं असतं. तेवढी शक्ती या फोमच्या पोटात! ३००० एमएएचची बॅटरी या हिशेबाने चार मिनिटांत रिकामी होईल. तळाशी पाचवा हिस्सा राखायचा असतो, म्हणजे उरली सव्वातीन मिनिटं.

आता मोह. व्होल्ट दीडपट केले की फेरेही साधारण दीडपट होतात. गंमत पुढेच आहे. रेटा दीडपट होत नाही, तो फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दीड गुणिले दीड, सव्वादोन पट. वा! पण लागणारी शक्ती वाढते घनाच्या प्रमाणात. दीड गुणिले दीड गुणिले दीड, म्हणजे ३.३७५ पट. ६६६ वॅटचे झाले जवळजवळ २,२५०. त्याला २२.२ ने भागा. १०१ ॲम्पिअर! प्रत्यक्षात भाराखाली बॅटरीचं व्होल्टेज थोडं उतरतं, म्हणून आकडा काहीसा खाली येईल. तरी मोटरला वीज पुरवणाऱ्या स्पीड कंट्रोलरवर '६० ॲम्पिअर' लिहिलेलं असेल तर त्या बिचाऱ्याने काय करावं? शिवाय तो चार सेलपुरताच बनवलेला असेल, तर पंखा फिरायच्या आधी प्लग जोडताक्षणीच धूर निघू शकतो. पूर्ण भरलेल्या सहा सेलचे २५.२ व्होल्ट होतात.

धूर जमिनीवर निघाला तर नशीबच म्हणायचं. बहुतेक विमानांत रिसिव्हरला आणि पंख हलवणाऱ्या सर्वोंना वीज त्याच कंट्रोलरमधून मिळते. तो हवेत जळला तर मोटर बंद पडते, आणि त्याबरोबर विमानाचे कानही बंद होतात. खाली तुम्ही काड्या कितीही हलवा, वर कुणी ऐकत नाही. एक-सव्वा किलोचं विमान सुसाट वेगाने कुठे पडेल ते मग कुणाच्याच हातात नाही. खाली मोकळं शेत असेल, किंवा रस्ताही असेल.

आणखी एक गोष्ट आहे, जी डोळ्यांना दिसतच नाही. पंख्याचं संतुलन. ४०,००० फेरे म्हणजे सेकंदाला सहाशे साठच्या वर. पंख्याच्या एका बाजूला, मध्यापासून ३० मिलिमीटरवर, दोन-तीन गव्हाच्या दाण्यांएवढं, म्हणजे एक दशांश ग्रॅम वजन जास्त आहे असं धरा. या वेगाला ते वजन बाहेर ओढतं पाच किलोहून जास्त भाराने! आणि ही ओढ दर फेऱ्याला दिशा बदलते. बेअरिंग खिळखिळं होतं, नळी थरथरते, चांगली वीज आवाजात वाया जाते. म्हणून जाणकार लोक पंखा आसावर तोलतात, जड बाजू खाली येते का ते पाहतात, आणि हलक्या बाजूला कणभर डिंक किंवा चिकटपट्टीचा तुकडा लावतात, तोही आतल्या बाजूने, घट्ट, सुटणार नाही असा. फेरे दीडपट झाले की ही ओढही सव्वादोन पट होते. प्लॅस्टिकचं पातं तिथे तुटलं तर गोळीसारखं सुटतं. म्हणून चालू पंख्याच्या रेषेत, बाजूला, कधीही उभं राहायचं नाही.

मग सहा सेल कधीच लावू नयेत का? लावावेत की! पण मोटर बदलून. २१०० केव्हीची मोटर घ्या. २१०० गुणिले २२.२ म्हणजे ४६,६२० फेरे, पहिल्यापेक्षा साडेबारा टक्क्यांनी जास्त म्हणजे १.१२५ पट. रेटा सव्वापटीहून थोडा जास्त, शक्ती साधारण ९५० वॅट, आणि धारा? ४३ ॲम्पिअर, आधीपेक्षाही कमी! व्होल्टेज वाढवण्यातला खरा फायदा हाच आहे. कंट्रोलर मात्र सहा सेलसाठी असल्याची खात्री करायची, आणि एवढे फेरे सोसतो असं बनवणाऱ्याने म्हटलेलाच पंखा वापरायचा.

तरी गुरुत्वमध्य विसरू नका. सहा सेलची बॅटरी तेवढ्याच क्षमतेच्या चार सेलवालीपेक्षा दीडपट जड असते. १२०० ग्रॅमच्या विमानात १५० ग्रॅम वाढले आणि ते गुरुत्वमध्याच्या १५ सेंटिमीटर पुढे बसले, तर गुरुत्वमध्य दीड सेंटिमीटरहून जास्त पुढे सरकतो. एवढ्याने विमान नाक उचलायला नकार देतं. बॅटरी मागे सरकवा, दोन्ही बोटांवर विमान तोला, आणि माहितीपत्रकातल्या खुणेवर आणा.

माझं मत विचाराल तर पैसे खर्च करण्याआधी फुकटच्या सुधारणा कराव्यात. पुढच्या तोंडाची कड धारदार असेल तर हवा वळताना फाटते, पंख्याला पुरेशी मिळत नाही. कड पेल्याच्या काठासारखी गोल करा. नळीत लोंबणाऱ्या वायरी कडेला चिकटवा. मागचं तोंड मोजा. ७० मिलिमीटरच्या पंख्यात मधला गोळा ३० मिलिमीटरचा असेल, तर हवा जायला सुमारे ३१ चौरस सेंटिमीटर जागा उरते. तेवढ्याच क्षेत्रफळाचं गोल तोंड ६३ मिलिमीटर व्यासाचं होतं. बागेतल्या नळीवर अंगठा दाबून पाणी लांब उडवता ना, तसं तोंड थोडं अरुंद केलं की वेग वाढतो. फार केलं की पंखाच गुदमरतो. बारा पात्यांचा पंखा लावला की आवाज खऱ्या जेटसारखा भरदार येतो, पण नुसती पाती वाढवून रेटा वाढत नाही, हेही ध्यानात ठेवा.

उडवताना एक फरक लक्षात असू द्या. नाकावरच्या पंख्याचा वारा शेपटीवरून जातो, म्हणून विमान हळू असतानाही शेपूट काम करते. ईडीएफमध्ये तो वारा नाही. वेग आल्याशिवाय विमान ऐकत नाही, आणि थ्रॉटल वाढवल्यावर पंख्याला वेग घ्यायला क्षणभर लागतो. म्हणून उतरताना थ्रॉटल पूर्ण बंद करायचा नाही. लहान चाकांना गवत आवडत नाही, आणि पोटाखाली तोंड असलेलं विमान खडे गिळतं.

प्रत्येक बदलानंतर वॉटमीटर लावून, विमान घट्ट धरून, आकडे वहीत लिहायचे, पण मोठ्या माणसाच्या सोबतीनेच. ओढणी, सैल बाही, मोकळे केस नळीच्या तोंडापासून दूर. आधी रिमोट सुरू, थ्रॉटल तळाला, मगच बॅटरी जोडायची. लिपो फुगलेली दिसली की ती पुन्हा चार्ज करायची नाही. चांगली बॅटरीसुद्धा फरशीवर ठेवून, समोर बसून चार्ज करायची. ३००० एमएएचला ३ ॲम्पिअर पुरे. महिनाभर ठेवायची असेल तर पूर्ण भरून नव्हे, दर सेलला ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवायची.

आणि जागा. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे लाल विभागात परवानगीशिवाय उडवता येत नाही, तेव्हा आधी नकाशा पाहा. ज्यांच्या शाळेत किंवा गावात एनसीसीची हवाई शाखा आहे, त्यांनी तिथे चौकशी करावी. तिथल्या छात्रांना मॉडेल विमानं बनवायला आणि उडवायला शिकवतात, आणि सुरुवात जेटने नाही, साध्या ग्लायडरने होते.