दुकानाच्या जुन्या गाडीचा दिवा

व्यापारी घरात चारचाकी आली की जुनी मोटारसायकल सहसा विकली जात नाही. ती दुकानाकडे वर्ग होते. सकाळी बँकेतील भरणा, दुपारी मालाची पोच आणि आठवड्यातून दोन-तीन वेळा आसपासच्या गावांतील वसुली, अशी तिची सेवा पंधरा-वीस वर्षे चालू राहते. इंजिनाचे तेल वेळेवर बदलले जाते, कारण ते न बदलल्यास किती खर्च येतो हे मालकास ठाऊक असते. दिव्याकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. रात्री आठ वाजता पैशांची पिशवी घेऊन ज्याला परतायचे असते तो दिवाणजी संकोचाने बोलत नाही, आणि मालक ती गाडी अंधारात कधी चालवीत नाही.

तक्रार झालीच, तर ठरलेला उपाय म्हणजे जादा वॉटचा बल्ब. येथेच चूक होते. जुन्या स्प्लेंडरसारख्या गाड्यांत पुढचा दिवा बॅटरीवर नव्हे, तर मॅग्नेटोच्या कॉइलमधून येणाऱ्या एसी विजेवर चालतो. म्हणूनच रेस दिली की उजेड वाढतो आणि खड्ड्यापाशी वेग कमी केला की, नेमका गरजेच्या वेळी, तो उतरतो. कॉइल देईल तेवढीच वीज मिळणार. मूळ ३५ वॉटच्या जागी ६० वॉटचा बल्ब घातला, तर व्होल्टेज आणखी खाली येते, होल्डर तापतो आणि वायरीचे आवरण मऊ पडू लागते.

जुन्या गाडीचा उजेड पुष्कळदा वाटेतच गळतो. ३५ वॉटचा बल्ब १२ व्होल्टवर सुमारे ३ अँपिअर वीज घेतो. गंजलेला कपलर, हँडलवरचा काळवंडलेला स्विच आणि सैल अर्थिंग यांचा मिळून अवघा ०.४ ओहम अडथळा झाला, तरी १.२ व्होल्ट तेथेच संपतात, म्हणजे दहा टक्के. ही तूट किरकोळ वाटते. परंतु तारेच्या बल्बचा उजेड व्होल्टेजहून फार वेगाने घटतो. व्होल्टेज दहा टक्के उतरले की उजेड सुमारे ३० टक्के जातो. खतावणीत एवढी तूट दिसली असती, तर ती सापडेपर्यंत दुकानाला कुलूप लागले नसते.

ही गळती शोधण्यास मल्टिमीटर पुरतो. गाडी मधल्या स्टँडवर उभी करून इंजिन चालू ठेवावे, दिवा लावावा आणि मीटर एसी व्होल्टवर ठेवून त्याचे एक टोक बल्बच्या होल्डरला आलेल्या अर्थिंगच्या वायरीला, दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूला लावावे. आकडा शून्याच्या जवळपास हवा. अर्धा-पाऊण व्होल्ट दिसला, तर दोष अर्थिंगचा. वायर जेथे फ्रेमला बोल्टने कसलेली असते तेथे रंग व गंज पॉलिश पेपरने घासून काढावा आणि बोल्ट पुन्हा घट्ट करावा. पुढे डूम उघडून त्यातील कपलर एकेक सोडवून साफ करावेत. हिरवट पडलेली पिन बदलावी. हँडलवरचा स्विच मात्र जाणत्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडूनच उघडून घ्यावा, त्यातील स्प्रिंग उडाली की सापडत नाही. बल्बची काच आतून काळी पडली असल्यास तेवढ्याच वॉटचा नवा बल्ब घालावा. हॅलोजन असेल तर काचेला बोट लावू नये. डूममधील चकाकणारा मुलामा फडक्याने पुसण्याचा मोह अनेकांना होतो. तो थर इतका नाजूक असतो की पुसताना तोच निघून येतो. मुलामा उडालाच असेल, तर डूम बदलण्यावाचून गत्यंतर नाही, आणि तो खर्च करण्यासारखा आहे.

ज्या गाड्यांचा दिवा बॅटरीवर चालतो, अशा १२ व्होल्टच्या बुलेटसारख्या गाड्यांत आणखी एक सोय आहे. बॅटरीपासून फ्यूजसह जाड वायर थेट दिव्याकडे न्यावी व मध्ये रिले बसवावा. जुन्या स्विचवर मग फक्त रिलेला हुकूम देण्याचे काम उरते. एसी दिव्याला ही जोडणी जशीच्या तशी लावू नये.

बाजारातील स्वस्त एलईडी बल्ब जुन्या डूममध्ये बसविण्याची टूळ सध्या फार आहे. मूळ तार जेथे होती तेथून तो उजेड निघत नाही, त्यामुळे तो विस्कटतो. आपल्याला पांढरे लख्ख दिसते आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. अरुंद रस्त्यावर समोरचा आंधळा होणे दोघांनाही सारखेच धोक्याचे.

शेवटचे काम दिव्याच्या रोखाचे. मागे कापडाचा गठ्ठा किंवा तेलाचे डबे बांधले की गाडीची मागची बाजू बसते आणि प्रकाश रस्त्याऐवजी झाडांच्या शेंड्यांवर जातो. पुष्कळदा ‘उजेड कमी आहे’ या तक्रारीचे मूळ एवढेच असते. म्हणून नेहमीचे ओझे बांधून, नेहमीच्या चालकाला बसवून, सपाट जागी भिंतीसमोर गाडी उभी करावी. डिप्परचा झोत दिव्याच्या उंचीपेक्षा किंचित खाली पडेल असा डूम वळवून बोल्ट कसावा. मागच्या शॉक ॲब्सॉर्बरची स्प्रिंग एक खाच कडक केल्यानेही फरक पडतो.

हे सर्व झाल्यावर मालकाने एका रात्री ती गाडी स्वतः गावाबाहेरच्या अंधाऱ्या फाट्यापर्यंत नेऊन आणावी. दुकानासमोर पालिकेचे दिवे असतात, तेथे काही कळत नाही.