मॅचच्या आधीचे दोन तास: बोईसरच्या एका प्रश्नाला माझं उत्तर

मागच्या व्हिडिओखाली बोईसरच्या एका दादांनी प्रश्न विचारलाय. त्यांच्या घराजवळच्या ग्राउंडवर थंडीत टेनिस क्रिकेटच्या स्पर्धा होतात, टीमसोबत बाहेरगावचे सपोर्टर टेम्पो भरून येतात. "सर, इथे बिअर बार टाकला तर चालेल का? परदेशात फुटबॉल मॅचच्या आधी सगळे पबमध्येच बसतात ना?"

व्हिडिओत दोन मिनिटांत उत्तर देऊन मोकळा झालो असतो, पण हा विषय लिहून सांगण्यासारखा आहे. बार टाकू नका, हे माझं स्पष्ट मत. पण दादांनी जे पब बघितलेत, त्यांच्याकडून शिकायचं मात्र खूप आहे.

इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी तीनला मॅच सुरू व्हायची जुनी पद्धत. 1985 साली तिथे कायदा झाला, त्यामुळे स्टेडियममध्ये मैदान दिसेल अशा जागी बसून दारू पिता येत नाही. म्हणजे ज्याला प्यायचीये त्याने आधीच पिऊन घ्यायची. त्यामुळे बारा ते अडीच या वेळात स्टेशन आणि स्टेडियमच्या मधले पब गच्च भरतात. बाहेरगावचा फॅन गाडीत बसल्यापासूनच शोधत असतो, चांगली रिअल एल कुठे मिळते.

रिअल एल म्हणजे काय? बाटलीतली बिअर गाळलेली, गरम करून निर्जंतुक केलेली आणि वरून गॅस भरलेली असते. रिअल एल लाकडी किंवा धातूच्या पिंपात जिवंत असते. आतलं यीस्ट काम करतच असतं, आंबणं पबच्या तळघरातसुद्धा चालू राहतं. आपल्याकडचा माणूस पहिला घोट घेऊन म्हणेल, "अरे ही तर थंडच नाहीये!" ती बर्फासारखी द्यायचीच नसते, साधारण 11 ते 13 अंशांवर देतात. मोठ्या कंपन्यांच्या एकसारख्या बिअरपुढे ही संपून जाईल म्हणून 1971 साली चार मित्रांनी तिच्यासाठी संघटना काढली. नाव कॅम्रा, आपल्या फोटोच्या कॅमेऱ्याशी काही संबंध नाही. 1974 पासून ही संघटना चांगल्या पबची यादी पुस्तकात छापते. बाहेरगावच्या गिऱ्हाईकाला रस्ता दाखवणारं पुस्तक, गुगल मॅप जन्माला यायच्या कितीतरी आधी!

आता धंद्याचा मुद्दा. रिअल एलचं नेहमीचं पिंप नऊ गॅलनचं असतं, म्हणजे 72 पाइंट, आपल्या हिशोबात 41 लिटरच्या आसपास. ते आणल्या आणल्या विकता येत नाही. तळघरात ठेवून गाळ खाली बसू द्यावा लागतो, त्यात दिवस जातो. आणि एकदा उघडलं की साधारण तीन दिवसांत संपवायचं, नाहीतर मोरीत ओतायचं. म्हणजे शनिवारच्या मॅचची किती पिंपं लावायची हे पबवाल्याला गुरुवारीच ठरवायला लागतं. त्यासाठी त्याला मॅचचं वेळापत्रक पाठ असतं. समोरची टीम कुठली, तिचे किती लोक येतील, ट्रेन किती वाजता पोचते, हे सगळं. जो हे मोजतो त्याची बिअर ताजी राहते. जो मोजत नाही त्याची शिळी होते, आणि शिळी बिअर मिळालेला फॅन पुढच्या वर्षी शेजारच्या पबमध्ये जातो.

दादा, तुम्हाला पबमधली बिअर दिसली. मला त्या माणसाची गुरुवारची वही दिसते.

आता बारचं. बार म्हणजे राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना, त्याची भरपूर फी, शाळा-देवळापासूनच्या अंतराचे नियम. शिवाय महाराष्ट्रात बिअर प्यायचं वय 21 आहे आणि या स्पर्धांना येणारी अर्धी पोरं त्याच्या आतली असतात. टपरीमागे गुपचूप बाटल्या विकायचा विचार कोणी करत असेल तर तो धंदा नाही, गुन्हा आहे. आणि वर्षातले किती रविवार मॅच असते? बाकीच्या दिवसांचं भाडं कोण भरणार?

"मग सर, आपल्याकडे रिअल एलसारखं काय आहे?" अहो, आपल्या जिल्ह्याएवढं जिवंत पेय कुठे आहे! ताडाची, शिंदीची झाडं डोक्यावर उभी आहेत. पहाटे उतरवलेली गोड नीरा ऊन लागलं की आंबायला लागते आणि ताडी होते. इंग्लंडमधल्या पिंपाला तीन दिवस मिळतात, इथे काही तासच. पण त्यामुळेच ताडीलाही परवाना लागतो आणि नीरेलाही. ताडीत क्लोरल हायड्रेटसारखी रसायनं मिसळण्याचे प्रकार महाराष्ट्रात झालेत, त्यामुळे सरकारची नजर असते आणि ती असायलाच पाहिजे. तुमच्या जवळ परवान्याचं नीरा केंद्र असेल तर त्यांच्याशी बोला, मॅचच्या दिवशी स्टॉल लावायला तयार होतात का बघा. नसेल तर तो विषय सोडा.

माझी पसंती उकडहंडीला आहे. मटक्यात कोनफळ, रताळी, वालपापडी, वांगी, बटाटे, हिरवा मसाला. तोंड पाल्याने बंद करायचं, मटकं उपडं ठेवायचं आणि भोवती जाळ. हंगाम थंडीचा, म्हणजे स्पर्धांचाच. हायवेने गुजरातकडे जाताना हाच प्रकार उंबाडियूच्या नावाने विकायला बसलेला दिसतो आणि मुंबईच्या गाड्या त्यासाठी थांबतात. तिकडे थांबतात, मग बोईसरला का नाही थांबणार? मांसाहारी हवं तर आगाशीचं भुजिंग आहे, कोळशावर भाजलेलं चिकन आणि पोहे. कागदात द्या, उभ्या उभ्या खातात. वसई-विरारकडे त्याचं नाव आहे, बोईसरच्या ग्राउंडबाहेर मात्र मला अजून चायनीजच्या गाड्याच दिसतात. चायनीजला माझा विरोध नाहीये. पण ते त्या सपोर्टरच्या गावच्या नाक्यावरसुद्धा मिळतं.

उकडहंडीत पबवाल्याचीच अडचण आहे. मटकं जाळात घातलं की घाई करता येत नाही आणि एकदा उघडलं की गरम असेपर्यंतच मजा. म्हणजे किती मटकी लावायची हे गिऱ्हाईक यायच्या आधी ठरवायचं. समजा पाच टेम्पो येणार, प्रत्येकात वीस माणसं. झाले शंभर. त्यातले निम्मे खातील असं धरू, पन्नास प्लेट. एका मटक्यात दहा प्लेट निघत असतील तर पाच मटकी. मी चार लावीन. पाचव्या मटक्याचं गिऱ्हाईक परत गेलं तर "इथलं लवकर संपतं" हे चार जणांना सांगेल. पाचवं मटकं उरलं तर संध्याकाळी घरच्यांनाच खावं लागेल.

हे मी अनुभवाने बोलतोय. बऱ्याच वर्षांपूर्वी अशाच एका स्पर्धेत मी मित्राबरोबर मिसळीचा स्टॉल लावला होता. दुपारच्या गर्दीवर डोळा ठेवून मोठं पातेलं भरून रस्सा केला. स्पर्धा नॉकआउट. ज्या टीमचे सगळ्यात जास्त सपोर्टर आले होते ती पहिल्याच मॅचला हरली आणि साडेदहाला तीन टेम्पो रिकामं ग्राउंड मागे ठेवून निघून गेले! हरलेला माणूस खायला थांबत नाही हो. त्या दिवसापासून मी म्हणतो की खेळावरचा धंदा मॅचच्या आधी करायचा. आधी प्रत्येक जण जिंकणारच असतो, त्यामुळे खिसा सैल असतो. नंतरचा भरवसा नाही.

आपल्या भागात तो आधीचा वेळ रेल्वे फुकट देते. 2013 पासून डहाणूपर्यंत लोकल आली, पण विरारच्या पुढे गाड्या मोजक्याच. सफाळ्याहून, केळवे रोडहून येणारा माणूस वेळेवर पोचूच शकत नाही. एक तर मॅच चुकते, नाहीतर तो दीड-दोन तास आधी येऊन बसतो. तो मोकळा, भुकेला, गटाने आलेला असतो आणि त्याला गावातलं काहीच माहीत नसतं. यापेक्षा चांगलं गिऱ्हाईक कुठलं?

त्याला मेन्यूच्या आधी तीन गोष्टी हव्या असतात: सावलीत बसायला जागा, बाथरूम, आणि आपल्याला इथे कोणी हाकलणार नाही याची खात्री. इंग्लंडमध्ये काही पबच्या दारावर चक्क पाटी असते, फक्त इथल्या टीमच्या फॅन्सना प्रवेश. त्यामुळे बाहेरचा फॅन दारात आधी बिचकतो. आपल्याकडे पाटी नसते, पण टपरीवर स्थानिक टीमचा आणि दोन नेत्यांचा फ्लेक्स असतो. समोरच्या गावची पोरं तो बघून पुढे जातात. फ्लेक्स काढा. फळ्यावर खडूने दोन्ही टीमची नावं, मॅचची वेळ, परतीच्या लोकलची वेळ आणि प्लेटचा रेट लिहा. रेट सगळ्यांना एकच. बाहेरच्याला दहा रुपये जास्त लावले की ते टेम्पोभर लोकांना कळतं.

वेग बघायचा असेल तर चर्चगेटला ब्रेबॉर्न स्टेडियमच्या इमारतीत के. रुस्तमचं आइस्क्रीमचं दुकान आहे, 1953 पासूनचं. दोन बिस्किटांमध्ये आइस्क्रीमची लादी, हातात दिली, झालं. वाटी नाही, चमचा नाही. एकदा रांगेत उभे राहून बघा.

खर्चाचं थोडक्यात: एफएसएसएआयची नोंदणी करा, आयोजकांशी जागेचं लेखी ठरवा, सुटे पैसे आणि क्यूआर कोड दोन्ही ठेवा. दुकान भाड्याने घेऊ नका. निदान पहिला सीझन तरी नको.

दादांना मी फोनवर एवढंच सांगितलं की पहिले दोन रविवार काहीही विकू नका, वही घेऊन नुसते ग्राउंडच्या गेटवर बसा. किती वाजता किती लोक आले, कुठून आले, काय विचारत होते, लिहून काढा. पहिल्या रविवारचा त्यांचा मेसेज आलाय: "सर, नऊ टेम्पो. खायला कुठे मिळेल विचारणारे बरेच, पण बाथरूम विचारणारे त्याच्या दुप्पट. आणि सात जणांनी मलाच विचारलं, काका तुम्ही काय विकताय?"