बोली कशाची लावावी?

तंजावर जिल्ह्यातील पापनाशम् येथील नियंत्रित बाजारात कापसाचा लिलाव होतो, तेव्हा आरडाओरड ऐकू येत नाही. व्यापारी माल पारखतात व आपापला भाव गुप्तपणे लिहून देतात. ज्याचा भाव सर्वांत अधिक, त्यास माल मिळतो.

संगणकांच्या जगातही हीच रीत शिरली आहे. दूरच्या केंद्रांतील हजारो संगणक लोक भाड्याने वापरतात. यासच ‘क्लाऊड’ म्हणतात. मागणी ओसरली की यंत्रे रिकामी राहतात, आणि रिकाम्या गेलेल्या बैलगाडीच्या खेपेप्रमाणे तो वेळ पुन्हा विकता येत नाही. म्हणून ॲमेझॉन कंपनीने २००९ च्या डिसेंबरात अशी यंत्रे बोलीने देण्यास आरंभ केला. भाव आपल्या बोलीच्या वर गेला, की यंत्र काढून घेतले जाई. २०१७ च्या अखेरीस बोलीची आवश्यकता उरली नाही. मात्र मागणीप्रमाणे भाव बदलणे आणि दोन मिनिटांची सूचना देऊन यंत्र परत घेणे चालूच राहिले.

गुप्त बोलीत एक पेच असतो. ज्याच्या मनात शंभर रुपये आहेत, तो ऐंशीच लिहितो. यावर विल्यम व्हिक्री या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ साली तोड सुचविली: जिंकेल तो सर्वांत मोठ्या बोलीचाच धनी, परंतु त्याने पैसे द्यावेत दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतके. शंभर लिहिले व दुसऱ्याचे पंच्याऐंशी असले, तर द्यावयाचे पंच्याऐंशीच. मग खोटे लिहून लाभ काय? उलट ऐंशी लिहिल्यास माल मात्र हातचा जाईल. १९९६ साली व्हिक्री यांस नोबेल पारितोषिक मिळाले.

तथापि, लिलाव खिसा पाहतो. गरज पाहत नाही. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी राजवटीची मोडी कागदपत्रे आहेत. त्यांची छायाचित्रे संगणकाकडून लावून घेण्याचे काम मध्यरात्री थांबले, तर उद्या पुढे चालेल; त्यास बोलीचे स्वस्त यंत्र उत्तम. परंतु रुग्णालयात हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवणारे यंत्र दोन मिनिटांच्या सूचनेवर कसे सोडावे? अशा कामासाठी संगणक रुग्णाच्या जवळच ठेवतात. यास ‘एज’ म्हणतात. जवळची यंत्रे थोडी असतात, म्हणूनच तेथे निकडीचा वाटा आधी राखून उरलेल्याचीच बोली लावणे शहाणपणाचे.

आपल्या घरी तरी आपण काय करतो? पिण्याचे पाणी आधी भरून ठेवतो. बागेचा विचार मागाहून.