एका दिवसात न्यूयॉर्क

परदेशी निघालेल्या माणसाचा खरा शत्रू म्हणजे त्याच्या खिशातला कागद. आमच्या वडगाव मावळातून मुलाकडे अमेरिकेला जाणाऱ्या मंडळींजवळ तो हमखास असतो. 'न्यूयॉर्क, एक दिवस : सकाळी स्वातंत्र्यदेवी, दुपारी एम्पायर स्टेटचे १०२ मजले, मग म्युझियम, रात्री टाइम्स स्क्वेअर.' अहो, ही सहल आहे की पोस्टमनची फेरी? बोटीला रांग, लिफ्टला रांग. माणूस परततो तो न्यूयॉर्क नव्हे, लोकांच्या पाठी पाहून! मुलाने बिचाऱ्याने रजा काढलेली. तो रांगेत पुढे, आई गुडघे धरून मागे. दोन वर्षांनी भेटलेल्या माणसांचं बोलणं तेवढं राहून जातं.

ह्यांनाच विचारा, भाज्याची लेणी पाहिलीत? 'बघू की कधीतरी, मळवली काय, तिसरं स्टेशन!'

आणि आखणीचं कौतुक वडगावकरांनी तरी करू नये. मुंबईहून पुण्याला निघालेल्या इंग्रजांची आखणीही पक्की होती. १७७९ च्या जानेवारीत महादजी शिंद्यांनी ती इथेच गुंडाळून हातात तह दिला!

तेव्हा कागद फाडा. स्टेटन आयलंडच्या बोटीत बसा. तिकीट नाही, देवी लांबून दिसते. मग सेंट्रल पार्कातला एक बाक गाठा आणि मुलाशी पोटभर बोला. चार ठिकाणं राहतील, राहू देत. आपण तरी एका दिवसात तेहतीस कोटी देव कुठे उरकतो?