कायोटी मारून कायोटी संपत नाही

अमेरिकेतल्या कुठल्याही सबर्बात कायोटी दिसला की लोकांचं एकच ठरलेलं: वर्गणी काढा, ट्रॅपर बोलवा! यात गोऱ्यांइतकीच आपली देशी मंडळीही पुढे. माझ्या हे डोक्यात जातं. कारण हा उपाय शंभर वर्षं करून झालाय आणि सपशेल फसलाय.

कायोटी म्हणजे ढोबळमानाने आपला कोल्हा आणि लांडगा यांच्या मधला गडी. अॅझ्टेक लोकांनी त्याला देव केलं. इथल्या कित्येक मूळ जमातींच्या गोष्टींत तो लबाड नायक आहे. गोरे आले आणि तो उपद्रवी जनावर ठरला. १९३१ साली अमेरिकन काँग्रेसने कायदा करून असल्या जनावरांच्या बंदोबस्तासाठी वर्षाला दहा लाख डॉलर, तेही दहा वर्षं, मंजूर केले. स्ट्रिक्नीन झालं, थॅलियम झालं, मग 'टेन-एटी' नावाचं जालीम विष आलं. त्यात गरुड मेले, कुत्रे मेले. शेवटी १९७२ साली निक्सनने सरकारी जमिनींवर ही विषं घालायला बंदी केली.

आणि कायोटी? दोनशे वर्षांपूर्वी तो मुख्यतः मधल्या माळरानांवर आणि पश्चिमेकडे होता. आज एक हवाई सोडलं तर ४९ राज्यांत आहे. २००२ साली पोर्टलंडच्या विमानतळावर हा पठ्ठ्या लोकल गाडीत सीटवर जाऊन बसला. २००७ साली शिकागोच्या भर डाउनटाउनमध्ये सँडविचच्या दुकानात शिरून कोल्ड्रिंकच्या फ्रीजमध्ये पहुडला. याला म्हणतात पुरून उरणं!

असं का होतं? टोळीत साधारणपणे एकच जोडी पिल्लं घालते. ती मारली की टोळी फुटते आणि बाकीच्या माद्याही विऊ लागतात. खाणारी तोंडं कमी झाल्यामुळे पिल्लं जास्त जगतात. मोकळ्या हद्दीत बाहेरचे तरणे कायोटी येतात ते वेगळेच. त्यात त्याला दाबून ठेवणारा लांडगा माणसानेच संपवला. यलोस्टोनमध्ये १९९५ साली लांडगे परत आणले, तर उत्तर भागातले कायोटी थोड्याच वर्षांत निम्म्यावर आले.

मूळ कारण न बघता दर रिलीजला तोच पॅच मारणाऱ्याला आमच्या धंद्यात घरी बसवतात. इथे त्याला दरवर्षी बजेट मिळतं. कृषी खात्याच्या 'वाइल्डलाइफ सर्व्हिसेस'ने एकट्या २०१९ साली ६२ हजारांच्या आसपास कायोटी मारले. तुमच्या-माझ्या टॅक्सच्या पैशातून.

मेंढपाळाचं नुकसान होत नाही का? होतं. कोकरं जातात, आणि तो त्याच्या पोटाचा प्रश्न आहे. पण कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीने २००० च्या सुमारास सरकारी ट्रॅपर बंद केले आणि मेंढपाळांना कुंपणं नि राखणीचे कुत्रे यासाठी मदत सुरू केली. आपला धनगर तरी दुसरं काय करतो? लांडग्यांच्या मुलखात कुत्र्यांच्या जिवावरच मेंढरं राखतो ना?

"अहो, पण लहान मुलं?" कायोटीच्या हल्ल्यात माणूस दगावल्याच्या नोंदी अमेरिका-कॅनडा मिळून दोनच: १९८१ आणि २००९. पाळीव कुत्रे एकट्या अमेरिकेत दरवर्षी याच्या कितीतरी पट माणसं मारतात. त्यांच्यासाठी कोणी वर्गणी काढल्याचं ऐकलंय? शिकागोत २००० साली सुरू झालेल्या अभ्यासात दिसलं ते हेच, की शहरातले कायोटी माणसाला चुकवून रात्री फिरतात आणि मुख्यतः उंदरांच्या जातीचे प्राणी नि ससे खातात. म्हणजे फुकटचा पेस्ट कंट्रोलच की!

तेव्हा मंडळी, वर्गणी काढायचीच असेल तर घट्ट झाकणाच्या कचऱ्याच्या डब्यांसाठी काढा. मांजर आणि छोटा कुत्रा रात्री घरात घ्या, त्यांचं खाणं बाहेर ठेवू नका. कायोटी समोर आला तर पळू नका, हात वर करून जोरात ओरडा, तोच पळेल. एवढं अवघड आहे का हे?

ज्याला शंभर वर्षांत सरकारची विषं आणि हेलिकॉप्टरं हटवू शकली नाहीत, तो तुमच्या मागच्या अंगणातल्या पिंजऱ्याने हटणार, असं खरंच वाटतं तुम्हाला?